मुलाखतीच्या दिवशीची ड्युटी

अर्जात दलेंदानं स्वच्छ लिहिलं होतं. बायकांचा वॉर्ड चालेल, लहान मुलांचा चालेल, ऑपरेशननंतरचा चालेल. डायलिसिस सोडून कुठेही. वसीलानं तो कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि समोर बसलेल्या बाईकडे पाहिलं.

वसीला त्या खाजगी इस्पितळाची मुख्य परिचारिका. पन्नाशी उलटलेली, आवाज जाड, बोलणं तुटक. तिच्या टेबलावर दलेंदाचं जुनं प्रमाणपत्र होतं. गाबेस शहराच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं नोकरी, त्यातली नऊ वर्षं डायलिसिसवर.

"नऊ वर्षं एकाच कामात हात बसलाय, आणि तेवढंच काम नको म्हणता?"

"पुरे झालं तिथं," दलेंदा म्हणाली.

"आणि नंतरची चार वर्षं?"

"बालवाडीत होते. पोरांचं जेवणखाण, हातपाय धुणं. या उन्हाळ्यात बालवाडी बंद पडली."

वसीला पुढचं विचारणार तोच फोन वाजला. तिनं ऐकलं, "बरं" म्हणाली, ठेवला. लगेच पुन्हा वाजला. या वेळी ती उठून खिडकीपाशी गेली. दलेंदाला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं: पोराला ताप, झटके, नाही, तू पोराला सोडून येऊ नकोस, मी बघते. फोन ठेवून वसीलानं मनाशी हिशेब केला. इस्पितळात डायलिसिसच्या चार नर्सा होत्या. एक गेल्या आठवड्यात जर्मनीला गेली, एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीनं रात्रभर काम करून नुकतंच घर गाठलेलं, आणि जी येणार होती तिच्या पोराला झटके आलेले. वर बारा माणसं सकाळी साडेसहापासून बसलेली. सोमवार. शनिवार-रविवार मशीनविना काढून, सगळं विष अंगात साठवून आलेली माणसं.

तिनं दार उघडलं. बाहेर बाकावर मुलाखतीला आलेला दुसरा उमेदवार होता, आयमन नावाचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला. वसीलानं त्याला आत बोलावलं आणि दोघांनाही एकदमच सांगितलं.

"सरळ बोलते. वर आत्ता नर्स नाही. आज दिवसभराची ड्युटी करायला कुणी तयार आहे का? नोकरीचा शब्द मी देत नाही, तो मालक देणार. कागदही संध्याकाळीच होतील. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना मी फोन करून सांगते, ते दहापर्यंत येतील."

आयमन शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी मुलाखतीला आलोय. कागद नाही, विमा नाही, उद्या काही झालं तर मान कुणाची अडकणार?"

"तुझी आणि माझी," वसीला म्हणाली. "खरंय तुझं. जा तू, पोरा. तुझा अर्ज बाजूला ठेवते, फेकत नाही."

तो जाता जाता दलेंदापाशी थांबला. "ताई, तुम्ही हो म्हणालात ना, तर हे उद्या प्रत्येकाला असंच फुकट राबवतील."

पोरगा खोटं बोलत नव्हता. पण तिच्या डोक्यात कागद नव्हताच. तिला दिसत होत्या त्या बारा खुर्च्या, पाय सुजलेली माणसं, आणि घड्याळाकडे लागलेले डोळे. आपण नाही म्हणायचं आहे हे तिला ठाऊक होतं. नाही म्हणायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि विचारलं, "बूट कितीचे आहेत तुमच्याकडे? हे मी नजवाचे घालून आलेय, यांच्यात दिवस निघायचा नाही."

*

नजवा ही तिची भावजय, मुन्जीची बायको. मुन्जीला जाऊन चार वर्षं झाली होती, तरी मेन्झेल भागातल्या त्या दोन खोल्यांत दोघी एकत्रच राहत होत्या. दलेंदानं लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाची मूत्रपिंडं बसली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि ती ज्या वॉर्डात काम करत होती तिथंच त्याला आठवड्यातून तीनदा यावं लागलं. पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात सुई तिनंच घातली, दुसऱ्या कुणाला घालू दिली नाही. सहा वर्षं. घरी त्याच्या ताटावर तिचा पहारा असे. केळं नाही, टोमॅटोचा रस्सा नाही, डाळिंब नाही, खजूर तर मुळीच नाही. ज्याची मूत्रपिंडं चालत नाहीत त्याच्या रक्तात अशा फळांतलं पोटॅशियम साठतं आणि काळजाचा ठोका अडवतं, हे ती त्याला इतक्यांदा सांगे की तो हसून म्हणायचा, "तुला नवरा मिळाला असता तर बिचारा उपाशी मेला असता."

तो एका रमजानात गेला. रविवारी सगळे इफ्तारला बसले होते, सोमवारी पहाटे नजवाच्या किंकाळीनं दलेंदाला जाग आली. डायलिसिसला अजून तीन तास होते. पंधरा दिवसांनी दलेंदानं राजीनामा दिला. लोक म्हणाले, भावाच्या दुःखानं. तिनं ते तसंच म्हणू दिलं.

*

वरच्या मजल्यावर हयात नावाची मदतनीस एकटीच धावत होती. मशीन धुवून, नळ्या भरून तिनं तयार ठेवली होती, पण सुई घालायचा अधिकार तिला नव्हता. गणवेश घातलेल्या दलेंदाला पाहून तिनं "अलहमदुलिल्लाह" म्हटलं आणि यादी तिच्या हातात दिली.

पहिल्या खुर्चीवर जकिया नावाची जाडजूड म्हातारी होती. मशीनवर रक्त बाहेर जाऊन येतं तेव्हा थंडी वाजते म्हणून तिनं घरून लोकरी घोंगडं आणलं होतं आणि आत्तापासूनच ते हनुवटीपर्यंत ओढलं होतं.

"नवी आहेस का गं?" तिनं विचारलं. "माझ्या हातावर शिकू नकोस. सांगून ठेवते."

"कुठंतरी शिकायलाच हवं, खाला," दलेंदा म्हणाली. "तुमचा हात मोठा आहे, चुकले तरी जागा उरेल."

शेजारचे दोघं हसले. जकियानं तोंड वाकडं केलं, तरी हात पुढे केला. पण तिच्या मशीनची नळी कुठंतरी गळत होती. हयातला ती बदलायला सांगून दलेंदा पुढच्या माणसाकडे वळली.

हातातली नीला आणि धमनी जोडून फुगवलेली ती नस, तिच्यावर बोट ठेवलं की आत मधमाशी अडकल्यासारखी थरथर लागते. ती लागली तर नस जिवंत. चार वर्षांत दलेंदानं ती थरथर कुठं अनुभवली नव्हती. पहिल्या माणसाच्या वेळी तिचं बोट जरा जास्तच वेळ तिथं राहिलं. मग तिनं सुई घातली, एकदा, दुसऱ्यांदा, पट्टी चिकटवली, नळी जोडली आणि पुढे गेली. दुसरा, तिसरा, चौथा. हात आपापलं काम करत होते. ती स्वतः थोडी मागं उभी राहून पाहत असल्यासारखी होती. नवाच्या सुमारास सात जण लागले होते.

"सी मबरूक कोण?" यादीत शेवटचं नाव होतं, आदराचं 'सी' लावलेलं.

"ते काय," हयातनं दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. "आज रुसलेत वाटतं. एरवी डोकं खातात. ढोलवाले आहेत ते, शेनीनी गावचे. निम्म्या गाबेसची लग्नं त्यांनी वाजवलीत."

बाकावर एक उंच, काळासावळा म्हातारा भिंतीला डोकं टेकून बसला होता. डाव्या हाताची नस दोरखंडासारखी वर आलेली. त्या खांद्यावर ढोल टांगायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याला आठ वर्षं झाली होती. आता मुलगा वाजवायचा आणि हा शेजारी खुर्चीवर बसून ताल चुकला की काठी आपटायचा. त्याचा नंबर दुसऱ्या खेपेला होता, मशीन रिकामं झाल्यावर.

तो संडासला जायला उठला आणि गुडघ्यात वाकला. हयातनं पटकन धरलं.

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला. "गुडघे म्हातारे झाले. माझ्याआधी जन्मले असावेत."

हयात हसली. दलेंदा हसली नाही. ती हातातलं काम टाकून त्याच्यापाशी आली, त्याला बसवलं आणि उजव्या मनगटावर बोटं ठेवली. ठोका लागला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक, आळसावलेला.

"सी मबरूक, तोंडाभोवती मुंग्या येतात?"

"जीभ जरा जड झालीय. झोप नाही झाली."

"काय खाल्लंत काल?"

"मूठभर कुसकुस. विचार माझ्या बायकोला."

हे उत्तर दलेंदाला पाठ होतं. नऊ वर्षं ती हे उत्तर ऐकत आली होती आणि नऊ वर्षं त्यावर आवाज चढवत आली होती. आज ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. हयातला खुणेनं ईसीजीचं यंत्र आणायला सांगितलं, आणि हळूच विचारलं, "शेनीनीत डाळिंबं उतरली का हो?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "उतरली," तो म्हणाला. "या वर्षी लालभडक आहेत. नातीनं सोललं, वाडगाभर. संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडून आणलं. म्हणाली, आजोबा, सगळं माझ्या हातानं सोललंय. काय म्हणणार होतो तिला मी?"

"वाडगा एकच?"

"दोन," तो म्हणाला.

हयात यंत्र घेऊन आली पण घुटमळली. थोरल्या बाईला लावतात तो 'लल्ला' लावून तिनं विचारलं, "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, लल्ला दलेंदा? आणि तुम्ही तर अजून..."

"मी तर अजून कुणीच नाही, माहितेय मला. लाव तू. नाव माझं घाल."

कागदाची पट्टी बाहेर आली. लाटा तंबूच्या टोकासारख्या उंच, अणकुचीदार उठल्या होत्या. दलेंदानं डॉक्टर शाद्लींना फोन लावला. ते रस्त्यात होते. तिनं आपलं नाव सांगितलं, ठोके सांगितले, पट्टी वाचून दाखवली. गाड्यांच्या आवाजातून त्यांचं उत्तर आलं.

"कॅल्शियम द्या, सावकाश, उजव्या हातात, नजर ईसीजीवर. आणि पहिलं जे मशीन मिळेल त्यावर घ्या. मी वीस मिनिटांत पोचतो. तुम्ही कोण म्हणालात?"

"मुलाखतीला आलेली बाई," दलेंदानं सांगितलं आणि फोन हयातकडे दिला.

मशीन एकच तयार होतं: जकियाचं, नवी नळी नुकतीच बसवलेलं. दलेंदा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "खाला, तुमचं मशीन सी मबरूकना देतेय. त्यांचं काळीज अडखळतंय. तुम्हाला आणखी दोन-अडीच तास थांबावं लागेल. तुमची नाडी मी बघितलीय, तुम्हाला धोका नाही. तरी तुम्हाला विचारतेय."

जकियानं बाकाकडे पाहिलं. "हा? हा माझ्या थोरलीच्या लग्नात दोन तास उशिरा आला होता. नवरीनं रडून काजळ पसरवलं होतं." बोलता बोलताच ती घोंगडं आवरत खुर्चीवरून उतरली. "घे. आणि सांग त्याला, हे दुसऱ्यांदा थांबवलंस मला."

औषध आत जाताना दलेंदाची नजर पट्टीवरून हलली नाही. तंबूची टोकं हळूहळू खाली येऊ लागली. मग तिनं म्हाताऱ्याचा डावा हात समोर घेतला, नसेवर बोट ठेवलं, आणि तिथंच ती थांबली. तो हात मुन्जीच्या हातासारखा मुळीच नव्हता. मुन्जीचा हात गोरा, बारीक, कोपराजवळ तीळ असलेला. तरीही तिच्या हातातली सुई पुढे जाईना. मागून हयातनं विचारलं, "लल्ला?"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "पोरी," तो पुटपुटला, "वाजतोय ना आत?"

"वाजतोय," ती म्हणाली आणि सुई घातली.

डॉक्टर आले तोवर मशीन चालू होऊन दहा मिनिटं झाली होती. त्यांनी पट्ट्या एकाखाली एक ठेवून पाहिल्या, म्हाताऱ्याची छाती तपासली. रक्ताचा नमुना आधीच गेला होता; अर्ध्या तासानं आलेला आकडा पाहून त्यांनी तो दलेंदाला दाखवला आणि कागद घडी करून खिशात घातला. एवढ्या पोटॅशियमवर माणसं बाकावर बसल्या बसल्याच जातात.

दुपारी एक वाजता मबरूकच्या जिभेला पहिल्यासारखी धार आली. जकियाला नुकत्याच रिकाम्या झालेल्या मशीनवर घेतल्यावर त्यानं लांबूनच सांगितलं की त्या लग्नाला उशीर गाढवामुळं झाला होता, आणि गाढव जकियाच्या माहेरचं होतं. मग दलेंदा रक्तदाब घ्यायला आली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "घरी सांगू नकोस. पोरगी नऊ वर्षांची आहे. आपल्या हातून झालं असं तिला वाटेल."

दलेंदाचा हात पट्ट्यावरच राहिला.

"जन्मभर वाटेल," म्हातारा म्हणाला.

"तिला नाही सांगत," दलेंदा म्हणाली. "पण तुमच्या सुनेला बोलवा बुधवारी. तिच्याशी मी बोलेन."

"तू रागावली नाहीस मला. ती जर्मनीला गेलेली, ती फार ओरडायची."

"मीही ओरडायचे," ती म्हणाली, आणि आकडा लिहायला वळली.

*

पाच वाजता दुसरी खेप संपत आली तेव्हा वसीला चहाचे दोन पेले घेऊन वर आली. पाइनच्या बिया टाकलेला, कडक, गोड चहा. दोघी कपडे बदलायच्या खोलीत बसल्या.

"मालकाशी बोलले," वसीला म्हणाली. "जागा तुमची आहे. पण मला माणूस डायलिसिसलाच हवाय, बायकांच्या वॉर्डात नको. तुम्ही अर्जात नाही लिहिलंत. मी कारण विचारत नाही."

दलेंदानं पेला दोन्ही हातांत धरला. "उद्या सकाळी सांगते. आणि आले तर एक अट आहे."

"बोला."

"आजचा दिवस हजेरीत धरायचा, आणि पुन्हा कुणाला असं कागदाशिवाय उभं करायचं नाही. तो सकाळचा पोरगा बरोबर बोलत होता. आज तो म्हातारा माझ्या हाताखाली गेला असता तर?"

वसीलानं पेला खाली ठेवला. "मला दिवसभर तेच वाटत होतं," ती म्हणाली.

दलेंदा घरी पोचली तेव्हा नजवा परसात बसून मिरच्या दोऱ्यात ओवत होती. तिनं पायांकडे पाहिलं. "माझे बूट कुठायत?"

"पिशवीत. दिवसभर दुसऱ्याचे घातले. कामच करायला लावलं त्यांनी."

"मुलाखतीत? कुठलं काम?"

"डायलिसिस."

नजवाचा हात थांबला. दलेंदा तिच्यासमोर पायरीवर बसली. तिनं सगळं सांगितलं: म्हातारा, डाळिंब, नात. आणि सांगता सांगता ती तिथं न थांबता पुढे गेली. चार वर्षं तिनं जिथं पाऊल टाकलं नव्हतं तिथं.

"नजवा, त्या रविवारी इफ्तारला उपास सोडायची तोफ झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. मुन्जी माझ्या ताटाकडे बघत होता. मागत नव्हता, नुसता बघत होता. सहा वर्षं मी त्याला एक दिला नव्हता. मी टेबलाखालून त्याच्या मुठीत तीन ठेवले. मी, नर्स. मीच त्याला..."

नजवानं सुई मिरचीत टोचून ठेवली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. दलेंदाला वाटलं, आता ही उठेल, आत जाईल, आणि या घरातलं आपलं राहणं संपलं.

"मी चार दिले," नजवा म्हणाली.

दलेंदानं वर पाहिलं.

"स्वयंपाकघरात. तू नमाज पढत होतीस. तो ताटं घेऊन आत आला. मी खजुराच्या बिया काढून लोणी भरत होते, पाहुण्यांसाठी. म्हणाला, नजवा, एकच. मी चार दिले. म्हटलं, दलेंदाला कळू देऊ नकोस, ओरडेल." तिनं मिरच्यांची माळ मांडीवरून खाली ठेवली. "चार वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघतेय. तू नोकरी सोडलीस तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. हिला कळलंय आणि ही मला बोलत नाहीये."

परसात शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. दलेंदा म्हणाली, "म्हणजे सात झाले."

"आणि तुमची आईही होती त्या दिवशी," नजवा म्हणाली. "तिनं दिले नसतील?"

त्यावर दोघी रडल्या. मुन्जी गेला त्या दिवशीही त्या अशा एकत्र रडल्या नव्हत्या. तेव्हा एकीनं एका कोपऱ्यात रडून घेतलं होतं, दुसरीनं दुसऱ्या. मग अंधार पडायला लागला म्हणून नजवानं मिरच्या आत नेल्या आणि अंडी फोडली.

*

दलेंदा दुसऱ्या दिवशी सातला कामावर हजर झाली. तिची अट मालकानं कुरकुरत मान्य केली. वसीलानं ती लेखी करून घेतली आणि नोटीस स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवली. आयमनलाही बोलावणं गेलं, पण तोवर त्याला सूस शहरातल्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली होती.

मबरूकची सून बुधवारी आली. दलेंदानं तिला खुर्ची दिली आणि अर्धा तास बोलली. काय द्यायचं नाही याची यादी सगळ्यांकडे असते, ती म्हणाली. काय द्यायचं ते सांगते. सफरचंदाच्या फोडी, दालचिनी टाकून. नातीला सोलायला द्या, तिचा हात लागू दे. म्हातारा पुढं जवळजवळ अडीच वर्षं जगला आणि एका मार्चमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेला, कुठल्या फळानं नाही. दलेंदा आणि हयात शेनीनीला मातीला गेल्या. मुलगा दारात उभा होता. नातीनं त्यांना पाणी आणून दिलं. ती उंच झाली होती.

त्या वॉर्डात दलेंदा आता मुख्य आहे. नव्या नर्सांना ती सुया, नळ्या, मशीन सगळं शिकवते. सुरुवातीला कडक वाटते म्हणतात. सोमवारी मात्र तिची एक वेगळीच रीत आहे. पेशंट आला की ती "काय खाल्लं?" असं विचारत नाही. ती मनगट हातात घेते आणि विचारते, "काल घरी कोण कोण आलं होतं?"

मग माणसं बोलू लागतात. मुलगी आली होती, तिनं हे केलं होतं. बहीण आली होती, तिनं ते आणलं होतं. दलेंदा ऐकत राहते, बोटं नाडीवर, आणि हयातला नजरेनं सांगते की आधी कुणाला घ्यायचं.